अनामत रक्कम घरमालकाच्या वहीत ‘देणे’ म्हणूनच राहते

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मे आणि जून हे आपल्या सोलापुरात घरे बदलण्याचे महिने. परीक्षा आटोपलेल्या असतात, नोकरदारांच्या बदल्यांचे आदेश निघालेले असतात आणि जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत टेम्पोवर कपाटे, कूलर आणि पाण्याचे बॅरल चढताना दिसू लागतात. याच दिवसांत कितीतरी कुटुंबांची अनामत रक्कम, जिला आपण सगळे डिपॉझिट म्हणतो, घरमालकाकडून परत यायची असते, आणि ती काटछाट न होता परत आल्याचे मी माझ्या ओळखीत क्वचितच ऐकले आहे. भाडेकरू हळहळतो, चार लोकांत बोलून दाखवतो आणि नव्या घराच्या गडबडीत गप्प बसतो. या गप्प बसण्याने दरवर्षी कष्टाचा पैसा बुडतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी एका टॉवेल कारखान्यात गेली 22 वर्षे हिशेब लिहितो. मागच्या मे महिन्यात आम्ही जुळे सोलापुरातील भाड्याचे घर सोडले. त्या घरात आम्ही 5 वर्षे राहिलो आणि भाडे एकदाही थकवले नाही. राहायला येताना 35,000 रुपये डिपॉझिट दिले होते, म्हणजे तेव्हाच्या 7,000 रुपये भाड्याच्या हिशेबाने 5 महिन्यांचे भाडे. घर रिकामे करून किल्ली दिल्यानंतर बाराव्या दिवशी घरमालकांनी बोलावले आणि वहीच्या फाडलेल्या अर्ध्या पानावरचा हिशेब हातात ठेवला. रंगकाम 11,000, बाथरूमची फरशी 4,000, नळ 1,500, लाइट बिल 1,000, असे एकूण 17,500 रुपये वजा आणि उरलेले 17,500 रुपये पाकिटात. एकाही रकमेला बिल जोडलेले नव्हते. रंगकामाला तर अजून सुरुवातही झाली नव्हती.

त्यातले फरशीचे प्रकरण थोडे सविस्तर सांगतो, कारण ते सोलापुरात घरोघरी घडू शकते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे दोन-तीन बॅरल भरून ठेवल्याशिवाय कोणाचेच घर चालत नाही. आमच्या बाथरूममध्ये 200 लिटरचे दोन निळे बॅरल पाच वर्षे एकाच जागी उभे होते. सामान हलवताना ते उचलले, तेव्हा खालच्या तपकिरी फरशीवर बोअरच्या पाण्यातील क्षारांची दोन पांढरी कडी उमटलेली दिसली. माझ्या पत्नीने ती लिंबाने आणि चिंचेच्या कोळाने दोन दिवस घासली, तरी एका कड्याचा अर्धा भाग राहिलाच. फरशी तडकली नव्हती, कुठे उचकटली नव्हती, फक्त डाग होता. त्या दोन कड्यांच्या शेजारी, थोडे आतल्या बाजूला, एक जुने अंधुक तिसरे कडेही होते. ते आमच्या आधी राहून गेलेल्या कुटुंबाच्या बॅरलचे असणार. परंतु आम्ही राहायला आलो त्या दिवशीचा त्या बाथरूमचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता, त्यामुळे ही गोष्ट डोळ्यांना दिसत असूनही मला ती दाखवून देता आली नाही. कारखान्यात व्हाउचरशिवाय 50 रुपयेही मी खर्ची टाकत नाही. घरासाठी 35,000 रुपये देताना मात्र त्या घराची स्थिती मी कागदावर घेतली नाही, याची खंत आजही आहे.

हिशेब लिहिणारा माणूस म्हणून मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी, की डिपॉझिट घरमालकाच्या हातात आले तरी ते त्याचे उत्पन्न होत नाही. ते त्याच्या वहीत ‘देणे’ या सदरात राहते आणि भाडेकरूच्या वहीत ‘येणे’ या सदरात. अनामत या शब्दाचा अर्थच दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवलेली वस्तू असा आहे. त्या रकमेतून काही वजा करायचे असेल, तर नुकसान कोणते झाले, ते भाडेकरूमुळे झाले हे कशावरून, आणि दुरुस्तीला खरोखर किती खर्च आला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वजावट करणाऱ्याने द्यायची असतात. प्रत्यक्षात आपल्याकडे हे सगळे उलटे झाले आहे. घरमालक आकडा सांगतो आणि तो कसा चुकीचा आहे हे भाडेकरूने सिद्ध करावे, अशी अपेक्षा असते.

रंगाबद्दलही असेच म्हणता येईल. कारखान्यातल्या यंत्राला आम्ही दरवर्षी घसारा लावतो, कारण वापरलेली वस्तू झिजते आणि तिची किंमत उतरते. घराच्या रंगाला हा न्याय का लागू नये? पाच वर्षांपूर्वी दिलेला साधा डिस्टेंपर सोलापूरच्या उन्हाळ्यात, खिडकीत चार-चार महिने चालणाऱ्या कूलरच्या ओलाव्यात फिका पडतो, पोपडे धरतो. तिथे कोणीही राहिले असते तरी तेच झाले असते. भाडेपट्ट्यांना लागू असणाऱ्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही, कलम 108 मध्ये, भाडेकरूने मिळकत घेतली तशी परत करावी असे म्हणताना वाजवी वापराने होणारी झीज स्पष्टपणे वगळली आहे. मुलांनी भिंतीवर तेलखडूने रेघोट्या मारल्या, दार फोडले, बेसिनला तडा गेला, तर तो खर्च भाडेकरूने द्यायलाच हवा. पण पुढच्या भाडेकरूला घर ताजे दिसावे म्हणून दिलेला रंग हा घरमालकाच्या व्यवसायाचा खर्च आहे.

आता कायद्याकडे वळतो, कारण या बाबतीत एक मोठा गैरसमज शहरभर पसरलेला आहे. करार अकरा महिन्यांचा असला की त्याची नोंदणी लागत नाही, असे एजंटही सांगतात आणि शिकलेली माणसेही त्यावर विश्वास ठेवतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 55 नुसार राज्यात भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीचा) प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा त्याहून जास्त. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती टाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. त्याच कलमातील भाडेकरूच्या फारच कामाची तरतूद अशी, की नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीचा शिक्का मारलेल्या कागदाच्या भरवशावर राहणाऱ्या घरमालकांनीही हे एकदा वाचायला हवे, कारण वाद झाला तर अडचण त्यांचीच होणार आहे.

नोंदणीचा खर्चही लोकांना वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवर धरलेल्या व्याजाच्या बेरजेवर 0.25 टक्का लागते. महिना 7,000 रुपये भाडे, 35,000 रुपये डिपॉझिट आणि 11 महिने मुदत धरली तर ते 200 रुपयांच्या आसपास येते. त्यावर महानगरपालिका हद्दीत 1,000 रुपये नोंदणी शुल्क. हे काम आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होते. या हिशेबात एक बारकावा मला फार बोलका वाटतो. मुद्रांक शुल्क आकारताना शासन परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरते. म्हणजे ही रक्कम घरमालकाकडे पडून राहिली की त्याला लाभ होतो, हे शासनाने गृहीत धरलेले आहे. त्या व्याजातला एक रुपयाही भाडेकरूला मिळत नाही आणि तो कधी मागतही नाही. निदान मुद्दल तरी पूर्ण हाती यावे, एवढेच त्याचे म्हणणे असते.

आमच्या बाबतीत करार दर अकरा महिन्यांनी नव्याने टाइप होत असे. पहिल्या करारात डिपॉझिटचा आकडा अक्षरी आणि अंकी लिहिलेला होता. तिसऱ्यात ‘अनामत रक्कम मागीलप्रमाणे’ एवढेच आले, आणि शेवटच्या करारातून ते वाक्यच गळाले. भाडे किती वाढले हे पाहण्याच्या नादात आम्ही ते वाचलेही नाही. ज्यांचे करार असे दरवर्षी बदलतात त्यांनी प्रत्येक करारात पूर्ण रक्कम, ती कोणत्या तारखेला आणि कशी दिली, आणि घर सोडताना किती दिवसांत परत मिळेल, हे लिहिले आहे ना ते सही करण्यापूर्वी पाहावे. रक्कम चेकने किंवा फोनवरून बँकेमार्फत द्यावी आणि शेऱ्यात ‘घराचे डिपॉझिट’ असे लिहावे. रोख द्यावी लागलीच तर पावती मागण्यात संकोच धरू नये. घेतलेल्या रकमेची पावती देणे घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे.

याउलट माझ्या भाच्याने काय केले तेही सांगतो. तो इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होता आणि आणखी दोन मुलांसोबत विजापूर रोडला एक खोली-स्वयंपाकघर घेऊन राहत होता. सामान आत नेण्यापूर्वीच त्याने रिकाम्या घराचा दारापासून मोरीपर्यंत सलग व्हिडिओ काढला, प्रत्येक नळ सोडून दाखवला, प्रत्येक बटण दाबून दाखवले. खिडकीची एक काच तडकलेली होती आणि गच्चीखालच्या कोपऱ्यात ओल होती. त्याने त्यांचे जवळून फोटो काढले आणि त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून खाली लिहिले, ‘काका, घर ताब्यात घेताना या दोन गोष्टी अशा होत्या, माहितीसाठी.’ काकांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. दोन वर्षांनी घर सोडताना त्या एका अंगठ्यामुळे काचेचा विषयच निघाला नाही. जाण्याच्या महिनाभर आधी त्याने लेखी सूचना दिली होती. शेवटच्या दिवशी घर झाडून, सिंक घासून, मालकांना बोलावून खोली-खोली फिरून दाखवली, मीटरच्या आकड्याचा फोटो काढला आणि मागच्या बिलाच्या दराने त्या दिवसापर्यंतचे युनिट आणि स्थिर आकार धरून 640 रुपये काढले. महावितरणचे बिल नंतर येते आणि मीटर बहुधा मालकाच्या नावावर असते, त्यामुळे ‘बिल आल्यावर बघू’ या एका वाक्याखाली हजारो रुपये अडकून पडतात. तो आकडा जागच्या जागी मिटल्यामुळे त्यांचा सगळा हिशेब पाऊण तासात पुरा झाला, आणि किल्ल्या व पैसे एकाच टेबलावर हातांतून बदलले.

एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. तिघांपैकी एक मध्येच सोडून जातो, त्याच्या जागी आलेला नवा मुलगा डिपॉझिटचा आपला वाटा जाणाऱ्याच्या हातात देतो, आणि घरमालकाला यातले काही माहीत नसते. दोन वर्षांनी करारावर ज्याचे नाव आहे तो नोकरीला पुण्यात किंवा हैदराबादला गेलेला असतो आणि पैसे कोणाला द्यायचे हाच वाद होतो. वाटा बदलला की मालकाला त्याच दिवशी लेखी कळवावे.

भाडेकरूंच्या दोन सवयींबद्दल मात्र मला स्पष्ट लिहायचे आहे. पहिली म्हणजे डिपॉझिट मिळणार नाही या भीतीने शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे भाडेच न देणे. मालकाने लेखी होकार दिला असेल तर डिपॉझिट भाड्यात वळते करायला हरकत नाही, परंतु परस्पर भाडे थांबवले तर आपण थकबाकीदार ठरतो आणि आपली खरी तक्रारही पातळ होते. दुसरी सवय अधिक धोक्याची आहे. ‘पैसे हातात पडल्याशिवाय घर सोडू नका’ असा सल्ला आप्तेष्ट सर्रास देतात. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर अडवून ठेवले, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेव्हा ठरलेल्या दिवशी घर सोडावे, किल्ली दिल्याची दोन ओळींची पोच घ्यावी आणि पैशांसाठी वेगळे भांडावे. तसेच घर सोडावे म्हणून मालकाने पाणी किंवा वीज तोडणे हेही कायद्याने निषिद्ध आहे, हे कोणी विसरू नये.

सगळे घरमालक वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. निवृत्तीनंतर वरच्या मजल्याच्या भाड्यावर औषधपाणी भागवणारी वृद्ध जोडपी माझ्या ओळखीची आहेत, आणि तीन महिन्यांचे लाइट बिल मागे ठेवून रातोरात गेलेल्या भाडेकरूंचा मनस्ताप त्यांनी सोसला आहे. त्यांच्यासाठीच तर डिपॉझिट असते. लेखी यादी, फोटो आणि बिलावर आधारलेली वजावट यांनी अशा मालकांचेही संरक्षणच होते.

पैसे अडलेच तर काय करावे, याची माहिती फार थोड्यांना असते. पोलीस ठाण्यात गेल्यास ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले जाते आणि ते बहुतेक वेळा बरोबरच असते. पहिले पाऊल म्हणजे तारीखवार हिशेब लिहून, वजावटीची बिले मागून आणि 15 दिवसांची मुदत देऊन पोचल्याचा पुरावा मिळेल अशा पद्धतीने टपालाने पत्र पाठवणे. मी तसे पाठवले. लाइट बिल आणि एका नळाचे मिळून 1,700 रुपये मला मान्य असल्याचे त्यात आधीच लिहिले, कारण जे आपले देणे आहे ते नाकारून बाकीचे मागण्यात अर्थ नाही. तीन आठवड्यांनी 6,000 रुपये खात्यावर जमा झाले. पत्राला उत्तर आले नाही. उरलेल्या रकमेसाठी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करणार आहे. तिथे न्यायालयात दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणे लोकअदालतीसमोर ठेवता येतात, त्यासाठी न्यायालय शुल्क लागत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. तडजोड झाली नाही तर दिवाणी दाव्याचा मार्ग उरतोच, मात्र रक्कम येणे झाल्यापासून 3 वर्षांच्या आत दावा करावा लागतो, ही मुदत हातची जाऊ देऊ नये.

या सगळ्यात मला सर्वाधिक काळजी वाटते ती अशोक चौक, साखर पेठ आणि पूर्व भागातील एका खोलीत राहणाऱ्या यंत्रमाग कामगारांची आणि विडी वळणाऱ्या भगिनींची. त्यांचा करार तोंडी असतो, डिपॉझिट रोखीने दिलेले असते आणि पाच-दहा हजारांची ती रक्कम भिशीतून किंवा गळ्यातला दागिना गहाण ठेवून उभी केलेली असते. नोंदणी, लेखी नोटीस, लोकअदालत हे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळते आणि 15100 या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते, एवढी माहिती जरी कामगार संघटनांनी आणि महिला बचत गटांनी आपल्या बैठकांत सांगितली तरी अनेकींचे पैसे वाचतील.

शासनाकडे माझी दोन मागण्यांची विनंती आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतके असावे आणि रिकाम्या घराचा ताबा घेतानाच, देय रक्कम वजा करून, ते परत करावे असे म्हटले आहे. भाडे हा राज्यांचा विषय असल्याने तो कायदा आपोआप लागू होत नाही. राज्य शासनाने निदान डिपॉझिटची मर्यादा आणि परताव्याचा दिवस या दोन तरतुदी आपल्या अधिनियमात आणाव्यात. दुसरी मागणी याहून सोपी आहे. ऑनलाइन नोंदणीच्या करारातच घराच्या स्थितीची एक पानी यादी भरणे आणि फोटो जोडणे सक्तीचे करावे. नळ किती, पंखे किती, कोणती काच फुटकी, कुठे ओल, मीटरचा आकडा काय, आणि आपल्या सोलापूरपुरते, बाथरूमच्या फरशीवर आधीची कडी किती, एवढे त्या एका पानावर मावते.

या विषयावर वाचकांचे, विशेषतः घरमालकांचे, अनुभव आपण आपल्या स्तंभात प्रसिद्ध करावेत, अशी विनंती करतो.

कळावे,

आपला विश्वासू,
एक हिशेबनीस आणि भाडेकरू,
जुळे सोलापूर, सोलापूर